सल्ल्याची खुर्ची

"अहो, थांबा जरा... तुमच्या केसांत कापूस आहे."

सोनमनं वळून बघितलं. नवी पेठेतल्या भांड्यांच्या दुकानावरचा तो जिना, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा अरुंद, आणि दोन पायऱ्या खाली हा उभा. उंच, किडकिडीत, तोंडावर घामाचे थेंब आणि मिशी मात्र अशी भरघोस की आधी मिशी दिसावी, मग माणूस. फेब्रुवारी सरायचा होता, पण सोलापूरच्या उन्हाला कुठली आली सबुरी! संध्याकाळ झाली तरी जिन्याचा लोखंडी कठडा हाताला चटका देत होता.

"कापूस न्हाय ओ," ती वेणी झटकत म्हणाली, "टॉवेलचं तंतू हायती. आमच्या कारखान्यात एक चक्कर मारा, तुमच्या मिशीत पण बसतील."

तो हसला. हसताना मिशीवर बोट फिरवलं, जणू खरंच काही बसलंय का ते बघितलं. मग दोन बोटांनी, अगदी अलगद, तिच्या कानामागचा राहिलेला एक तंतू काढला... आणि आपण काय केलं ते कळून आपणच लाजला. सोनमला त्या रात्री कानामागं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. आता काय राहिलं होतं तिथं, ते तुम्ही ओळखा.

तर, ती दोघं चालली होती दुर्गा मॅडमच्या इंग्रजीच्या क्लासला. सोनम मूळची सांगोल्याकडची. वडील आण्णा, मेंढरं आणि थोडी डाळिंबं. ती अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात होती. परदेशी गिऱ्हाइकांना नमुने पाठवायचं काम. लिहायला जमायचं, पण व्हिडिओ कॉल लागला की तिची बोबडी वळायची. आणि हा वरद. मराठी शाळेत विज्ञान शिकवायचा. शाळेनं यंदा सेमी इंग्रजी सुरू केलं आणि सरांची झोप उडाली.

दुर्गा मॅडम म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून नोकरीत. त्यांच्या क्लासात दर शनिवारी वर्गाच्या मधोमध एक लाकडी खुर्ची मांडली जायची. सल्ल्याची खुर्ची. एकेकानं तिच्यावर बसायचं, आपली खरीखुरी अडचण इंग्रजीत सांगायची. बाकीच्यांनी इंग्रजीतच सल्ले द्यायचे... यू शुड, व्हाय डोन्ट यू, इफ आय वेअर यू. खुर्चीवरच्यानं त्यातला एक निवडायचा आणि आठवडाभरात खरोखर अमलात आणायचा. पुढच्या शनिवारी सगळ्यांपुढं सांगायचं काय झालं ते. नाही केलं, तर अख्ख्या क्लासला मिरची भजी.

"सल्ला नुसता बोलायला नसतो," मॅडम म्हणायच्या. "ज्याला पाळायचाय त्याचा चेहरा बघून द्या."

पहिल्या शनिवारी वरद खुर्चीवर बसला. म्हणाला, मी इंग्रजीत बोलायला लागलो की मुलं हसतात, माझा घसा कोरडा पडतो.

चन्नवीरकाका लगेच म्हणाले, "यू हॅड बेटर कन्सल्ट अ डॉक्टर." हे काका चादरींचे जुने व्यापारी, परदेशातल्या नातवाशी बोलता यावं म्हणून क्लासला यायचे. त्यांना एवढं एकच वाक्य पक्कं येत होतं, आणि अडचण कुठलीही असो, ते डॉक्टरकडेच पाठवायचे.

सोनमनं धीर केला. "यू शुड... ड्रिंक वॉटर."

वर्ग हसला. वरद हसला नाही. तिच्याकडे बघून मान हलवली, सावकाश.

तेवढ्यात खिडकीपाशी बसलेली ओवी बोलली. ही ओवी म्हणजे बघा, बँकेतल्या साहेबाची मुलगी, इंग्रजी तिला आधीच फाडफाड येत होतं. मुलाखतीच्या सरावाला म्हणून यायची. केस मोकळे, एकसुद्धा तंतू नाही.

"इफ आय वेअर यू," ती मान तिरकी करून म्हणाली, "आय वुड शेव्ह ऑफ दॅट मुस्टाश. मुलं त्यालाच हसत असतील."

"आय चूज ओवीज ॲडव्हाइस," वरद म्हणाला.

आणि पुढच्या शनिवारी तो खरंच मिशी काढून आला हो! सोनम बघतच राहिली. ओठावर एक गोरी पट्टी, शेतातली गंजी उचलल्यावर राहते तशी. तासभर तिनं डोळे वटारून त्या पट्टीकडे बघितलं. कोण कुठली ओवी... तिनं एकदा मान तिरकी केली आणि यानं मिशी उतरवली! आमच्या आण्णांनी बघितलं असतं तर दारातनं परत धाडलं असतं, तिच्या मनात आलं. आण्णांचा बिनमिशीच्या माणसावर काडीचा विश्वास नव्हता. मग तिचं तिलाच नवल वाटलं. आण्णांनी याला कशाला बघायचंय?

तर असं झालं. माणूस आपल्याला आवडलाय हे कधी कधी त्याच्याकडे बघून कळतच नाही, दुसरं कुणी त्याच्याकडे बघायला लागलं की कळतं. आणि मग जळफळाट होतो तो वेगळाच.

त्या दिवशी वरद म्हणाला, मुलं आता हसत नाहीत, पण दंगा करतात. सोनमच्या डोळ्यांपुढं मेंढरं आली. "व्हाय डोन्ट यू स्टँड बिहाइंड? माय आण्णा, ही वॉक्स बिहाइंड द शीप. ऑलवेज."

पुन्हा हशा. ओवी म्हणाली, "व्हाय डोन्ट यू रेकॉर्ड युवरसेल्फ? रोज मला पाठवा, मी ऐकून सांगेन."

"आय चूज ओवीज," वरद म्हणाला.

म्हणजे आता रोज! रोज याचा आवाज तिच्या कानात! सोनमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऑफिसात यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर चालायचा, पण तिला मध्येच वरदचं कोवळं इंग्रजी ऐकू यायचं आणि ती टॉवेलच्या घड्या अशा आपटायची की शेजारची गुरम्मा विचारायची, "काय गं, त्या टॉवेलानं काय घोडं मारलंय तुझं?"

तिसऱ्या शनिवारची अडचण होती हेडमास्तरांची. जादा कामं सगळी वरदच्याच गळ्यात, आणि नाही म्हणायची हिंमत नाही. सोनम म्हणाली, "यू शुड गो आफ्टर लंच." कारण आण्णा जेवून उठले की कशालाही व्हय म्हणायचे. ओवी म्हणाली, "यू शुड बाय अ गुड शर्ट. शर्ट चांगला असला की आवाज निघतो."

काय निवडलं असेल ते सांगायलाच नको.

बरं, शर्ट घ्यायचा तर घे बाबा, एकटा जा! पण बुधवारी सोनम गुरम्माबरोबर बाजारात आली, तर कापडाच्या दुकानात हा उभा आणि ओवी त्याच्या खांद्याला निळा शर्ट लावून बघतेय. त्या दुकानदारालाही ओवी काहीतरी सल्ला देत होती, पण ते सोनमला कशाला दिसतंय! तिला दिसला निळा रंग. दुसऱ्या दिवशी परदेशातल्या गिऱ्हाइकानं विचारलं, टॉवेल निळे घेऊ की पांढरे? सोनमनं झरझर लिहून टाकलं, इफ आय वेअर यू, आय वुड नेव्हर टेक ब्लू. गिऱ्हाइकानं निमूटपणे पांढरे घेतले. मालक खूश. म्हणाले, पोरगी इंग्रजीत चांगलीच तयार झाली.

अशा सगळ्या जळक्या दिवसांत आण्णांचा फोन आला. वैरागचं स्थळ आलंय. मुलगा दिग्विजय, बाजारपेठेत शेती-औजारांचं दुकान. रविवारी दुपारी बघायला येतायत.

एरवी सोनम म्हणाली असती, आत्ता नको. पण तिच्या डोक्यात निळा शर्ट बसला होता. "येऊ द्यात," ती म्हणाली. आणि शनिवारी, मॅडमनी बोलवायच्या आधीच, जाऊन खुर्चीवर बसली.

"माय फादर फाउंड अ बॉय," ती म्हणाली. एकेक शब्द वरदकडे बघत. "फ्रॉम वैराग. ही हॅज अ बिग शॉप. टुमॉरो ही इज कमिंग टु सी मी. व्हॉट शुड आय डू?"

पंखा कुरकुरत फिरत होता. वरद, तो नवा निळा शर्ट घालून, हातातल्या स्टीलच्या बाटलीचं झाकण उघडत होता, लावत होता, परत उघडत होता.

"यू हॅड बेटर कन्सल्ट अ डॉक्टर," काका म्हणाले. आज कुणी हसलं नाही.

"इफ आय वेअर यू, आय वुड मीट हिम फर्स्ट," ओवी म्हणाली, आणि का कुणास ठाऊक, तिनं सोनमकडे न बघता वरदकडे डोळे मोठे करून बघितलं.

"वरद सर?" मॅडमनी विचारलं.

वरद बाटलीतलं पाणी प्यायला. बराच वेळ प्यायला. एक शब्द बोल, सोनम मनात म्हणत होती, नको म्हण. व्याकरण चुकलं तरी चालंल. नुसतं नको म्हण.

"यू शुड..." तो थांबला. त्याचे कान लाल झाले होते. "यू शुड से येस. मोठं दुकान आहे ना."

सोनमच्या अंगाचा तिळपापड झाला. ती ताडकन उभी राहिली.

"आय चूज वरद सर्स ॲडव्हाइस!"

खुर्ची मागं पडली. कुणीच ती उचलली नाही. मॅडमनी चष्मा काढून आधी तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि पहिल्यांदाच कुणाचीही चूक न काढता क्लास सोडला.

आता काय करायचं? चारचौघांत बोलून बसली होती. उद्या वैरागवाल्यांना हो म्हणायचं. एका खुर्चीच्या नियमापायी आणि स्वतःच्या रागापायी जन्माचं लचांड गळ्यात! खोलीवर जाऊन ती उशीत तोंड खुपसून रडली. भजी देऊन नियम मोडता आला असता हो, पण नियम मोडायचा कुणासाठी? ज्यानं तोंडानं हो म्हण सांगितलं, त्याच्यासाठी?

रविवारी सकाळी एसटी स्टँडवर सांगोल्याची गाडी लागली होती. सोनम खिडकीपाशी बसली. इतक्यात फलाटावरनं निळा शर्ट पळत येताना दिसला. एक बटण वर, एक खाली. हातात तीच स्टीलची बाटली.

"सोनम! खाली उतर. दोन मिनिटं."

इंग्रजीत एक बरं असतं, तू म्हणायचं की तुम्ही, ही पंचाईतच नसते. मराठीत मात्र त्यानं आजवर तिला तुम्हीच म्हटलं होतं. आज एकदम तू. ती मुकाट्यानं उतरली.

"मी सल्ला परत घ्यायला आलोय," तो धापा टाकत म्हणाला.

"परत घेता येत न्हाय. नियम हाय."

"मग बदलून देतो."

"तुमी काय बोहारीण हाय का, जुनं घेऊन नवं द्यायला?" तिला हसायचं नव्हतं. आवाज मात्र कापला. "दिलातच कशाला तसला सल्ला?"

"तू त्या वैरागवाल्याचं असं काही सांगत होतीस... बिग शॉप काय, आणि माझ्याकडेच बघत! मला राग आला. त्याचा. मी त्याला पाहिलंसुद्धा नाही, आणि काल घरी जाईपर्यंत मनातल्या मनात त्याच्या दुकानाला दहा वेळा कुलूप लावलं."

सोनमला आतनं इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं... म्हणजे जळणारी ती एकटीच नव्हती तर! पण इतक्यात विरघळायची नाही.

"आणि ओवी? मिशी तिच्यासाठी काढलीत. शर्ट तिच्या पसंतीचा. रोज आवाज पाठवताय. कुटं ठेवू मी ते सगळं?"

"ओवी?" तो बघतच राहिला. मग हातातली बाटली त्यानं तिच्यापुढं धरली. "ही काय आहे?"

"बाटली हाय."

"यू शुड ड्रिंक वॉटर. कुणी सांगितलं होतं? दुसऱ्या दिवशी घेतली ही. तेव्हापासून हातातच आहे. तुला मिशी गेलेली बरी दिसली, बाटली आलेली नाही दिसली?"

सोनमनं बाटलीकडे बघितलं. खरंच की. दर शनिवारी त्याच्या हातात होती. कालसुद्धा होती.

"मी आता वर्गात मागं उभा राहून शिकवतो," तो म्हणाला. "मेंढरांच्या मागं आण्णा चालतात तसा. मुलं वळून वळून बघतात, पण दंगा बंद. हेडमास्तरांकडं जेवणानंतर गेलो, निम्मं काम कमी केलं त्यांनी. तुझा एकही सल्ला मी सोडला नाही."

"मग खुर्चीवर बसून कायम तिचेच का निवडत होता?"

त्यानं बाटलीचं झाकण परत उघडलं, लावलं.

"निवडलेला सल्ला सगळ्यांपुढं सांगावा लागतो. मॅडम त्यात चुका काढणार, लोक हसणार. तुझ्या पाण्याला हसले होतेच ना... तुझं मला तसं चारचौघांत मांडायचं नव्हतं. जपून ठेवायचं होतं." मग हळूच म्हणाला, "आणि खरं सांगू? मिशी काढून आलो त्या दिवशी तू तासभर माझ्याकडे बघत होतीस. डोळे वटारून का होईना. त्यासाठी मी टक्कलसुद्धा केलं असतं."

"लई शाणे हाय तुमी," सोनम म्हणाली, आणि डोळे पुसले.

"ओवी तर शर्ट घेतानाच म्हणाली होती, इफ आय वेअर यू, आय वुड जस्ट टेल हर. तिचा तेवढा एकच सल्ला मी पाळला नव्हता." त्यानं श्वास घेतला. "सोनम, मला तू आवडतेस. जिन्यातल्या त्या दिवसापासून. वैरागवाल्यांना हो म्हणू नकोस."

कंडक्टरनं डबल बेल मारली. सोनम पायरीवर चढली. वरद तसाच उभा, चेहरा असा की आता शाळेचा निकाल लागणार आहे.

"मी काय करू आता?" त्यानं विचारलं. "सांग ना काहीतरी. यू शुड म्हण, काहीही म्हण..."

"आधी मिशी वाढवा," सोनम म्हणाली. गाडी हलली.

सांगोल्याच्या पुढं, घरामागच्या डाळिंबांच्या कडेला आण्णा मेंढरांना पाणी दाखवत होते. सोनमनं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"आण्णा, वैरागच्या पाव्हण्यांना फोन करा. येऊ नका म्हणावं."

"का गं? परवा तर व्हय म्हणलीस."

"रागात म्हणले हुते."

आण्णांनी तिच्याकडे नीट बघितलं. "कोण हाय का मनात?"

"हाय."

"मेंढरं हायती का?"

"न्हाय. मास्तर हाय. वर्गभर पोरं हाकतो. मागं उभं राहून."

"मागं उभं राहून?" आण्णांना ते आवडलेलं दिसलं. पण लगेच चेहरा आवळला. "आपल्यातला हाय?"

"न्हाय, आण्णा."

एक कोकरू आण्णांच्या धोतराला तोंड लावत होतं, त्याला त्यांनी हातानं बाजूला केलं. आत आई, मायाक्का, भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"मिशी हाय का त्याला?" शेवटी आण्णांनी विचारलं.

सोनमनं मान खाली घातली. "...येतीया."

आण्णा खाकरले. हसू लपवायला खाकरले की खरंच, ते देवाला माहीत. "येऊ दे मग. मिशीसंगट त्यालाबी येऊ दे. बगू." आणि फोन काढून वैरागचा नंबर शोधायला लागले.

पुढच्या शनिवारी सोनम जिन्यानं वर आली ती मिरची भजीचा मोठा पुडा घेऊनच. "आय डिड नॉट फॉलो द ॲडव्हाइस," तिनं सांगितलं. सगळ्या क्लासनं टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांत जोरात कुणी वाजवल्या म्हणाल, तर ओवीनं. सोनमनं तिच्यापुढं पहिलं भजं धरलं. तोंडानं काही म्हणाली नाही, पण मोठं बघून निवडलं होतं.

मग वरद खुर्चीवर बसला. ओठावर आठवड्याची काळी सावली. "आय हॅव टु मीट अ गर्ल्स फादर," तो म्हणाला. "आय ॲम व्हेरी अफ्रेड."

"यू हॅड बेटर कन्सल्ट अ डॉक्टर," काका भजं खात म्हणाले.

"व्हाय डोन्ट यू टेक स्वीट्स?" ओवी म्हणाली.

मॅडमनी सोनमकडे बघितलं. सोनम उभी राहिली. कान तापले होते, घसा कोरडा पडला होता, पण आवाज निघाला.

"यू शुड ड्रिंक वॉटर. अँड गो आफ्टर लंच."

कुणीतरी हसायला लागलं. वरदनं हात वर करून त्याला थांबवलं. सोनमकडे बघत, सगळ्यांपुढं, एकही अक्षर न अडखळता तो म्हणाला,

"आय चूज सोनम्स."

आणि बाटली उघडून घटाघटा पाणी प्यायला.